पॅड कुठले टाकू? आधी चिखल कुठला ते सांगा

शहरात बाइक चालवणाऱ्याचे पुढचे ब्रेक पॅड आधी संपतात आणि डोंगरात चालवणाऱ्याचे मागचे, हे इतकं ठरलेलं आहे की मागच्या कॅलिपरमध्ये (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) नुसतं डोकावलं तरी गाडीची मालकीण रविवारी कुठे असते ते कळतं. माझी गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११. पुढे ३०० मिमीची डिस्क प्लेट आणि दोन पिस्टनचा कॅलिपर, मागे २४० मिमीची डिस्क आणि एकच पिस्टन, वजन पेट्रोलसकट दोनशे किलोच्या आसपास. ही गाडी घेऊन तुम्ही वेल्ह्याच्या पुढे सिंगापूर-मोहरीकडे (आपलं सह्याद्रीतलं सिंगापूर, नाळेवालं) जाता, सुटी खडी, मध्येच ओहोळ, मध्येच ओली माती, आणि उतार लागला की पुढचा ब्रेक जोरात दाबायची हिंमत होत नाही, कारण तिथे पुढचं चाक लॉक झालं की ते वळत नाही, सरळ निघून जातं आणि पाठोपाठ आपण. मग काय, उजवा पाय कायम पेडलवर. मागचा ब्रेक अर्धवट लागलेलाच राहतो, पुढचं चाक उडवतं तो चिखल त्याच्यावर, मागचं चाक फिरवतं तोही त्याच्यावर, आणि वर कॅलिपर छोटा.

त्यामुळे "चांगले ब्रेक पॅड कुठले" असा प्रश्न कुणी विचारला की मला आधी उलटं विचारायचं असतं, पुढचे का मागचे, आणि जाता कुठे. कारण चिखल चिखलात फरक आहे हो. देशावरची काळी माती चिकट, ती कॅलिपरच्या खाचांमध्ये जाऊन बसते, वाळली की सिमेंट, पण तिचा कण बारीक असतो. कोकणातली जांभ्याची लाल माती दिसायला छान, फोटो मस्त येतात, पण त्यात जी कच असते ना ती पॅड आणि डिस्कच्या मध्ये गेली की पॉलिश पेपरचं काम करते. म्हणजे आपण ब्रेक दाबतोय असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात आपण दोन्हीकडून लिंपण लावून घासतोय. भर पावसात राजापूर-लांज्याकडच्या आतल्या रस्त्यांवर फिरून आले की मागचे पॅड जेवढे झिजतात तेवढे इकडे कोरड्या दिवसांत महिनोन् महिने झिजत नाहीत. ब्रेक न दाबता नुसते झिजतात, कारण डिस्क ब्रेकमध्ये पॅड डिस्कपासून फार लांब सरकतच नाहीत, पिस्टनचं रबरी सील त्यांना केसभर मागे ओढतं एवढंच. तेवढ्या फटीत कच शिरली की झालं.

आता पॅडच्या जाती. दुकानात गेलात तर तीन नावं कानावर येतील आणि त्यातली दोन नीट सांगितली जाणार नाहीत.

पहिली ऑरगॅनिक. यात रेझिन म्हणजे एक प्रकारचा डिंक, आणि त्यात अ‍ॅरामिड सारखे तंतू, ग्राफाइट, रबराचा चुरा वगैरे मिसळून दाबून भाजतात. रंग काळपट राखाडी. स्वभाव मवाळ, थंड असतानाही लगेच लागतो, हळूहळू वाढत जातो, बोटाला कळतं की आता किती लागलाय, डिस्कला जपतो, आवाज कमी. दुखणं असं की ओल्या कचेच्या चिखलात लोण्यासारखा संपतो, आणि फार तापला की रेझिन जळायला लागतं, त्यातून गॅस निघतो, तो पॅड आणि डिस्कच्या मध्ये थर धरतो आणि ब्रेक दाबलेला असूनही गाडी थांबत नाही. थंड झाल्यावर बघाल तर पॅडच्या तोंडावर काचेसारखी चकाकी आलेली असते.

दुसरी सिंटर्ड. यात डिंक बिंक काही नाही. तांबं, ब्राँझ, लोखंड अशा धातूंची पूड, थोडं ग्राफाइट, साच्यात दाबायची आणि वितळणार नाही पण कण एकमेकांना चिकटतील इतकी तापवायची. कानशीने कडेला जरासं घासलं की तांबूस सोनेरी झाक दिसते. चिखलात टिकतो, पाण्यात बऱ्यापैकी लागतो, तापल्यावर दगा देत नाही. पण डिस्कला जास्त खातो, आवाज करतो, बाहेरून आणलेला असेल तर बराच महाग पडतो, आणि धातू असल्यामुळे उष्णता पिस्टनमार्गे ब्रेक ऑइलपर्यंत जास्त पोचवतो, याच्याकडे पुढे येतेच.

तिसरी सेमी-मेटॅलिक, म्हणजे रेझिनच, पण त्यात धातूचे तंतू घातलेले. हा मधला भाऊ. घोटाळा इथेच होतो, कारण काउंटरवर "मेटल पॅड आहेत का" म्हणून विचारलं की समोरचा हो म्हणतो आणि सेमी-मेटॅलिक काढून देतो, आणि आपण सिंटर्ड घेतले म्हणून खुशीत घरी येतो. तो खोटं बोलत नाही, त्याच्या हिशेबी धातू आहे म्हणजे मेटल. म्हणून विचारताना "सिंटर्ड" हाच शब्द वापरा आणि पाकिटावर तो छापलेला आहे का बघा.

आता जो विषय मला सगळ्यात जास्त छळतो तो, पॅडच्या पाठीवरची अक्षरं. मागच्या लोखंडी पट्टीवर एफएफ, जीजी, एचएच असं काहीतरी असतं. ही अमेरिकन ऑटोमोबाइल इंजिनिअर लोकांच्या एसएई संस्थेची पद्धत. ई म्हणजे घर्षणाचा गुणांक (पकडीचा आकडा) ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५ आणि एच म्हणजे ०.५५ च्या वर. पहिलं अक्षर थंड पॅडचं, दुसरं गरम पॅडचं, असं सगळे सांगतात. मग लोक काय करतात, एचएच सगळ्यात वरचं म्हणजे सगळ्यात भारी, द्या दोन जोड्या. ट्रॅकवर पळणाऱ्या, टारवर दोनशेने जाणाऱ्या गाडीला ठीक आहे बाबा. पण हे "थंड" म्हणजे किती थंड माहितीये? त्या चाचणीतलं पहिलं अक्षर ठरतं ९३ ते २०४ अंश सेल्सियसच्या मधल्या आकड्यांवरून. आणि गरमवालं अक्षर जातं थेट ३४३ अंशांपर्यंत. म्हणजे ज्याला ते थंड म्हणतात ते आपल्याकडे चहाच्या उकळीच्या आसपास सुरू होतं! आणि ती चाचणी होते पॅडच्या इंचभर तुकड्यावर, प्रयोगशाळेत, कोरड्या ड्रमवर. जुलै महिन्यात ओहोळातून गुडघाभर पाण्यातून बाहेर आलेली डिस्क, तिच्यावर पाण्याचा थर आणि वरून लाल माती, अशा वेळी पहिल्यांदा लिव्हर ओढल्यावर काय होणार हे त्या दोन अक्षरांत कुठेच लिहिलेलं नाही. ट्रेलवर वीस-पंचवीसच्या स्पीडने जाताना डिस्क बरेचदा तेवढी तापतच नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की अक्षर बघा, पण अक्षरावरून निवडू नका. ऑफरोडला ताकद कमी पडत नाही, बोटाला कळणं कमी पडतं. सुट्या खडीवर टायरची पकडच इतकी कमी असते की साधा पॅडसुद्धा चाक लॉक करू शकतो, मग अजून कडक चावणारा घेऊन करायचंय काय? उलट जो पॅड पहिल्या स्पर्शाला कचकन लागतो तो पुढे घातला की ओल्या दगडावर कधी चाक लॉक झालं ते जमिनीवर पडल्यावर कळतं.

ताकद आणि उष्णता यांचा खरा प्रश्न येतो घाटात, आणि घाट म्हणजे टारवरचा. गणित करून बघा, मजा आहे. गाडी दोनशे, मी साठ, सामान वीस, एकूण २८० किलो. ताशी ६० च्या स्पीडवरून पूर्ण थांबायचं तर ब्रेकला साधारण ३९ किलोज्यूल ऊर्जा खावी लागते. आता वरंध्यासारखा घाट, समजा रस्ता सहाशे मीटर खाली उतरतो, तर तेवढ्या उतारात सोळाशे किलोज्यूलच्या वर ऊर्जा सुटते. म्हणजे साठवरून चाळीसेक वेळा कचकन थांबण्याइतकी. सगळी ब्रेकवर येत नाही, इंजिन गिअरमध्ये असेल तर बराच भाग ते खातं, वारा खातो, पण जो माणूस न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवत उतरतो (आहेत असे, बघितलेत) त्याची सगळी पॅडवर येते. उजवा पाय पेडलवर विसावलेला असेल तर ती बिचाऱ्या २४० मिमीच्या डिस्कवर.

आणि इथे ब्रेक ऑइलचा संबंध येतो. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा पितं, आणि साधारण पावणेचार टक्के पाणी शोषलेलं असलं की तीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. कोकणातला पावसाळा, त्यात दोन-तीन वर्षं न बदललेलं ऑइल, त्यात सिंटर्ड पॅड जो उष्णता पिस्टनकडे ढकलतो, त्यात लांबलचक घाट. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, लिव्हर थेट हँडलपर्यंत येतो आणि आत काहीच होत नाही. तेव्हा सिंटर्ड टाकणार असाल तर त्याच दिवशी ऑइल बदलून एअर काढून घ्या, हा खर्च पॅडच्या खर्चातच धरायचा. झाकणावर जो डॉट नंबर लिहिलाय तोच. डॉट ५ नावाचं एक सिलिकॉनचं ऑइल असतं, त्याचा नंबर मोठा म्हणून ते ओतायचं नाही, ते बाकीच्यांत मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते डॉट ४ च्याच घरातलं.

मग माझ्या गाडीत काय आहे? पुढे कंपनीचेच, मागे सिंटर्ड. पुढचा ब्रेक मला जसा हळूहळू वाढत जाणारा आवडतो तसा आहे, आणि पुढचे पॅड चिखलात तेवढे झिजतही नाहीत. मागे टिकाऊपणा हवा, आणि मागचं चाक थोडं लॉक झालं तरी जीव जात नाही, उलट वळणावर मागचं थोडं सरकवता येतं, बीएस-६ मॉडेलला मागचा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करायची सोय त्यासाठीच दिलीये. पुढे आणि मागे वेगळ्या जातीचे पॅड चालतात का, असं विचारणारे खूप भेटतात. चालतात, दोन वेगळी सर्किट आहेत, पाय वेगळा हात वेगळा. चालत नाही ते एकाच कॅलिपरमध्ये एक या जातीचा आणि एक त्या जातीचा, किंवा एक नवा एक जुना. जोडी म्हणजे जोडी.

ज्यांचं रायडिंग ऐंशी टक्के हायवे, सामान लादून, मागे बसलेलं माणूस, लेह नाहीतर स्पितीची स्वप्नं, त्यांना मी पुढेही सिंटर्ड टाका म्हणेन. गाडी जड, स्पीड जास्त, उतार लांब, तिथे उष्णता हीच मुख्य गोष्ट. आणि जे फक्त उन्हाळ्या-हिवाळ्यात मातीत जातात, पावसात गाडी झाकून ठेवतात, त्यांनी दोन्हीकडे कंपनीचे टाकावेत आणि वाचलेल्या पैशात टायर घ्यावा. खरंच. नवा टायर ब्रेकला जेवढी मदत करतो तेवढी कुठलाही पॅड करत नाही.

बाहेरच्या ब्रँडचा कोड वाचता आला तर बरं पडतं. ईबीसी या ब्रिटिश कंपनीच्या पॅडवर एफए आणि पुढे आकडा असतो, तो आकार. त्या आकड्याच्या शेवटी काय लागलंय ते खरं. काही नसेल तर साधा ऑरगॅनिक, टीटी असेल तर मातीतल्या गाड्यांसाठीचा कार्बनवाला ऑरगॅनिक, आर असेल तर मातीसाठीचा सिंटर्ड, एचएच असेल तर रस्त्यासाठीचा सिंटर्ड. म्हणजे एकाच आकाराचा पॅड चार स्वभावांत मिळू शकतो, प्रत्येक आकारात चारही मिळतीलच असं नाही. ऑनलाइन मागवताना लोक आकडा जुळवतात आणि शेवटचं अक्षर बघतच नाहीत. आणि आकार मॉडेलच्या नावावरून नका मागवू, जुना पॅड काढून त्याच्या पाठीचा आकार, कान कुठल्या बाजूला आहेत, पिनचं भोक कुठे आहे हे समोर ठेवून जुळवा. माझ्या गाडीचे कॅलिपर बायब्रेचे, म्हणजे ब्रेम्बोचाच लहान-मध्यम गाड्यांसाठीचा ब्रँड, नाव इटलीचं पण ब्रेम्बोचा कारखाना आपल्या चाकणला आहे, आणि तसलेच कॅलिपर दुसऱ्याही बऱ्याच गाड्यांना आहेत, त्यामुळे "हा त्या गाडीचा बसतो" असं ऐकायला मिळतं. कधी कधी खरंच बसतो. पण बसतो म्हणजे पिन जाते एवढंच नाही, पॅडचं घासणारं तोंड डिस्कच्या कडेबाहेर जात नाही ना तेही बघायचं.

पुण्यात पॅड घ्यायला नाना पेठ. तिथे गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, गाडी कुणाची? मिस्टरांना फोन लावून द्या ना." मी म्हणते दादा, पिस्टन एक आहे, पॅड मागचा आहे, सिंटर्ड आहे का ते सांगा, मग गाडी रुळावर येते आणि चहापण येतो. पण एकदा तिथल्याच एका दुकानातून कंपनीच्या पाकिटात जे मिळालं ते हातात घेऊन मी उन्हात जाऊन बघितलं आणि तसंच परत दिलं. पाकीट चकाचक, एमआरपीचं स्टिकर बरोबर, पण आतल्या पट्टीच्या पाठीवर ठोकलेला बॅच नंबर नव्हता, नुसता पांढऱ्या रंगाने छापलेला, अंगठ्याने घासला तर निघाला. आणि कडेला नख लावलं तर पॅडच्या मटेरियलची भुकटी पडली, मटेरियल आणि पट्टीच्या मधल्या रेषेत एका कोपऱ्यात केसाएवढी फट. ती फटच धोक्याची. झिजणं परवडलं, पण मटेरियल पट्टीवरून सुटून आलं तर एका क्षणात लोखंडावर लोखंड. दुकानदार म्हणाला "सगळे हेच नेतात ताई." नेत असतील.

तर विकत घेताना मी काय बघते: पाठीवर नंबर ठोकलेला आहे का, मटेरियल पट्टीला चहूबाजूंनी नीट चिकटलंय का, दोन्ही पॅडची जाडी सारखी आहे का, तोंड सपाट आहे का. टेबलवर तोंड खाली करून ठेवायचा आणि कोपरा दाबायचा, डुगडुगला तर नको. सोबत पिन किंवा क्लिप मिळत असेल तर घ्यायची, चार पैसे जास्त गेले तरी.

बदलायचं केव्हा? मटेरियल दीड मिलिमीटरच्या आसपास आलं की मी बदलते, बऱ्याच पॅडवर मधोमध एक खाच असते ती दिसेनाशी होत आली म्हणजे संपला. अगदी एक मिलिमीटरपर्यंत चालतो असं म्हणतात, शहरात चालेलही, पण एका पावसाळी रविवारात अर्धा मिलिमीटर जाऊ शकतो हे एकदा बघितलं की मग हावरटपणा होत नाही. टॉर्च लावून मागून बघायचं, आणि दोन्ही पॅड बघायचे, बाहेरचा दिसतो म्हणून तेवढाच नाही.

कारण खरी गंमत आतल्या पॅडमध्ये असते. या गाड्यांचे कॅलिपर तरंगते, म्हणजे पिस्टन एकाच बाजूला, तो आपल्या बाजूचा पॅड ढकलतो आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून पलीकडचा पॅड ओढून घेतो. चिखलपाणी जाऊन त्या पिना जाम झाल्या की सरकणं बंद. मग दोनातला एक पॅड एकटा मरतो. मागच्या वेळी काढले तेव्हा बाहेरचा पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक आणि आतला एका टोकाला जवळजवळ पट्टीपर्यंत, दुसऱ्या टोकाला बरा, म्हणजे पाचर झालेली. तोंडावर ज्वारीच्या दाण्याहून लहान एक काळा दगड रुतून बसलेला आणि त्याच्या समोर डिस्कवर बरोबर तेवढीच गोल रेघ. नखाला लागेल इतकी खोल. पिन ओढून काढली तर रबरी टोपी फाटलेली आणि आतलं ग्रीस चॉकलेटी पाणी झालेलं. अशा गाडीत तुम्ही जगातला कुठलाही पॅड टाका, तो असाच मरणार आणि मग तुम्ही लिहिणार की अमुक ब्रँड बेकार.

म्हणून पॅड बदलताना पिना बाहेर, पुसायच्या, गंज असेल तर बारीक पेपरने साफ, फाटक्या टोप्या बदलायच्या, आणि सिलिकॉन ग्रीस किंवा खास ब्रेकचंच ग्रीस लावायचं. साधं चेनबिनचं ग्रीस लावलं की रबर फुगतं. पिस्टन मागे ढकलण्याआधी त्याची बाहेर आलेली कड जुन्या टूथब्रशने ब्रेक क्लीनर मारून साफ करायची, नाहीतर तो सगळा चिखल सीलमध्ये ढकलला जातो आणि महिनाभरात कॅलिपर गळायला लागतो. ढकलताना ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल करून ऑइल वर येतंय का बघा, वर आलं आणि सांडलं तर पेट्रोलच्या टाकीचा रंग गेला समजा, फडकं गुंडाळून ठेवा. पॅड बाहेर असताना घरातल्या लहान पोरांना पेडलजवळ फिरकू द्यायचं नाही, एकदा दाबलं की पिस्टन टुणकन बाहेर.

डिस्कवर जाडीची किमान मर्यादा कोरलेली असते, ती व्हर्नियरने मोजा, कडेला मोजू नका, कडेला झिजत नाही, जिथे पॅड घासतो तिथे. रेघा थोड्याफार असल्या तर चालतात. सिंटर्ड टाकायचा विचार असेल आणि डिस्क आधीच मर्यादेजवळ असेल तर दोन्हीचा हिशेब एकत्र करा. आपल्या गाड्यांच्या डिस्क स्टेनलेसच्या असतात, त्या सिंटर्ड सहन करतात, फक्त लवकर झिजतात.

डिस्क पुसायला रॉकेल नको, पेट्रोल नको, डब्ल्यूडी-४० तर अजिबात नको. ब्रेक क्लीनर, नाहीतर मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं. आणि जुन्या पॅडची धूळ तोंडाने फुंकायची सवय असेल तर सोडा, जुन्या गाड्यांच्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि नव्यातली धूळही काही फुफ्फुसासाठी बनवलेली नाही.

सगळं लागलं की गाडी हलवायच्या आधी लिव्हर आणि पेडल दाबत राहायचं, कडक होईपर्यंत. पहिल्या दोन-तीन वेळा थेट तळाला जातं, आणि पार्किंगमधून तसेच निघालेले लोक समोरच्या भिंतीला भेटतात.

नवा पॅड जुन्या डिस्कवर लगेच पूर्ण लागत नाही. रिकाम्या रस्त्यावर पन्नासवरून पंधरा-वीसपर्यंत मध्यम जोराने आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, मग थोडं पळवून थंड होऊ द्यायचं, परत. असं आठ-दहा वेळा केलं की पॅडचा एक पातळ थर डिस्कवर बसतो आणि पकड येते. सिंटर्डला जरा जास्त वेळ लागतो. जुन्या डिस्कवर ऑरगॅनिकचा थर बसलेला असेल आणि वर सिंटर्ड आला तर डिस्क आधी बारीक पेपरने फिरवून फिरवून घासून घ्या, दोन्हीचे थर एकमेकांत मिसळले की धड हेही नाही धड तेही नाही. गरम असताना ब्रेक दाबून गाडी उभी ठेवायची नाही.

हिरोच्या एक्सपल्सवाल्यांसाठी वेगळं काही नाही, गाडी हलकी आहे त्यामुळे उष्णतेची चिंता कमी आणि माती जास्त खाल्ली जाते म्हणून मागच्या पॅडची चिंता जास्त. २०११ मध्ये आलेली हिरोचीच ती इम्पल्स आठवते का, तिला मागे ड्रमच होता, त्यात एकदा चिखलपाणी शिरलं की उघडून धुवेपर्यंत लायनर (ड्रममधले पॅडच) खरखरत राहायचे. डिस्क निदान उघडी असते, दोन वेळा दाबली की स्वतःला पुसून घेते. ओहोळातून बाहेर आल्यावर पुढचा-मागचा दोन्ही हलकासा लावून पन्नासेक फूट जायचं, हे पॅड कुठलाही असला तरी करायचं.

राहिला आवाज. सिंटर्ड मागे टाकल्यापासून सोसायटीच्या गेटवर स्लो करताना चीं करतो, वॉचमन काका कुणाची गाडी आली ते न बघता ओळखतात. पॅडच्या पाठीला ब्रेक ग्रीसचा पातळ हात आणि शिम (पाठीमागचा पातळ पत्रा) जागेवर, एवढं केलं की निम्मा जातो. उरलेला निम्मा पहिल्या पावसात धुऊन जातो आणि ऑक्टोबरात परत येतो, त्याच्यावर मला अजून औषध मिळालेलं नाही, कुणाकडे असेल तर खाली लिहा.